गुरगुरू द्या त्याला

आमच्या मोत्यानं गॅसवाल्या काकांच्या पोटरीचा लचका तोडला, तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले, "अहो, तो कुणावर साधा गुरगुरतही नाही!" खरंच गुरगुरत नसे. लहानपणी गुरगुरला की मी नाकावर वर्तमानपत्राची सुरळी हाणायचे. तो गुरगुरायचा थांबला, पण आतली भीती तशीच राहिली.

तेव्हा गुरगुरण्याबद्दल मारू नका. कशामुळे गुरगुरतोय ते बघून त्याला तिथून दूर न्या. त्याआधीही खुणा दिसतात: अंग ताठ, डोळ्यांचा पांढरा कोपरा दिसणं, झोप नसताना जांभई, सारखं ओठ चाटणं. शेपूट हलतेय म्हणजे खुशीत आहे, असंही नाही. ताठ उभ्या शेपटीचं नुसतं टोक थरथरत असेल, तर हात पुढे करू नका.

आमच्या घरी खरी गडबड दारातच. आता बेल वाजली की मोत्या आधी स्वयंपाकघरात, ते दार बंद, मग मी कडी काढते. पंधरा दिवस लेक बाहेरून बेल वाजवायची आणि मी आत भाकरीचा तुकडा टाकायचे. आता बेल ऐकून तो स्वतःच आत पळतो. शेजारी म्हणाले, दिवसभर अंगणात बांधून ठेवा. पण साखळीतल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, मग चावण्यावाचून त्याच्याकडे उरतं काय? गर्दीत न्यायचंच तर जाळीचं मुसकं घाला. त्यातून धापा टाकता येतात. तोंड आवळणारं कापडी मुसकं उन्हात नकोच, कारण कुत्र्याचं अंग धापांनीच थंड होतं.

मुलांना एवढं पक्कं सांगा: खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन, नजर खाली ठेवून खांबासारखं उभं राहायचं. पडलंच तर गुडघे पोटाशी घेऊन मान आणि कान हातांनी झाकायचे.

त्या दिवशी मी हळदीचा डबा घेऊन धावले. काका म्हणाले, "ताई, आधी नळ दाखवा." त्यांचंच बरोबर होतं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, मिरची काही नको. मग लगेच दवाखाना. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते आणि दंडात देतात, पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवायचं, पण तोवर लस थांबवायची नाही.

मग काकांनी मोत्याचं लसीचं कार्ड मागितलं. तारीख उलटून चार महिने झाले होते! पिलू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी, हे मला ठाऊक होतं, आळस नडला. आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे त्या हयगयीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. काका पोलिसांत गेले नाहीत. त्यांचे बुडालेले रोज मी भरून दिले.

सिलिंडर अजून तेच आणतात. फाटकाबाहेरूनच हाक येते, "ताई, आत घेतलाय का त्याला?"