प्यूनिक युद्धांचा अभ्यास सुरू करताय? हॅनिबलला जरा थांबू द्या

प्यूनिक युद्धं म्हणजे रोम आणि कार्थेज (आजच्या ट्यूनिसजवळचं शहर) यांच्यातली तीन युद्धं. ती म्हटली की बहुतेकांना हॅनिबल या कार्थेजी सेनापतीचे आल्प्स ओलांडणारे हत्ती आठवतात आणि अभ्यासही तिथूनच सुरू होतो. मी नव्या मंडळींना सांगते, आधी सिसिली. पहिलं युद्ध, इ.स.पू. २६४ ते २४१ (पुढची जुनी सालंही इ.स.पू.च). तेवीस वर्षं चाललेलं, रटाळ वाटणारं, एकही देखणा नायक नसलेलं. रोमला समुद्रापलीकडे राज्य करायची सवय लागली ती इथे. २६४ मध्ये इटलीच्या मुख्य भूमीबाहेर रोमची टीचभर जमीन नव्हती. २४१ मध्ये सिसिलीचा बहुतेक भाग त्याच्या हातात होता, आणि त्याचं पुढे काय करायचं याचं उत्तर रोममध्ये कुणाकडेही तयार नव्हतं.

सुरुवातीला वाचायला एकच माणूस पुरे: पॉलिबियस. हा ग्रीक. १६७ च्या सुमारास ओलीस म्हणून रोमला आणलेला, तिथे सिपिओ या बड्या रोमन घराण्याच्या जवळचा झालेला, आणि १४६ मध्ये कार्थेज जळताना प्रत्यक्ष हजर असलेला. त्याच्या चाळीस पुस्तकांपैकी पहिली पाचच पूर्ण उरली आहेत, पण आपलं नशीब असं की पहिलं युद्ध नेमकं त्यातल्या पहिल्या पुस्तकात आहे. रोमन इतिहासकार लिव्हीचा या काळावरचा मजकूर (पुस्तक ११ ते २०) हरवलेला आहे.

पहिल्या पुस्तकातला सिसिलीतल्या मेसाना शहराचा प्रसंग पेन्सिल घेऊन वाचा. मामर्टाइन नावाच्या भाडोत्री सैनिकांनी हे शहर बळकावलेलं होतं. सिसिलीतल्याच सिरॅक्यूज नगराचा शासक हायरो याने त्यांना कोंडीत पकडल्यावर काहींनी कार्थेजला हाक मारली, काहींनी रोमला. पॉलिबियस म्हणतो, सिनेटचा, म्हणजे रोमच्या बड्या मंडळींच्या सभेचा, निर्णय होईना. एकीकडे लुटारूंना मदत करण्याची लाज, दुसरीकडे कार्थेज सिसिलीभर पसरण्याची भीती. शेवटी आधीच्या लढायांनी थकलेल्या लोकांना सेनाधिकाऱ्यांनी लुटीचं आमिष दाखवलं आणि मदतीचा ठराव झाला. आता वहीत दोन रकाने करा. एकात घडलं ते लिहा, दुसऱ्यात पॉलिबियसने दिलेलं कारण. पहिल्या रकान्यात किती कमी उरतं ते बघा.

मग तिसऱ्या पुस्तकाकडे उडी मारा, जिथे तो रोम-कार्थेजचे जुने तह उतरवून देतो. पहिला तह तो रोमच्या पहिल्या कॉन्सलांच्या (दरवर्षी निवडले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी) काळात नेतो आणि सांगतो की त्यातली लॅटिन इतकी जुनी आहे की जाणकार रोमनांनाही ती जेमतेम लागते. फिलिनस नावाचा कार्थेजकडे झुकलेला इतिहासकार म्हणत होता की एका तहानुसार रोमला सिसिलीत पाऊल ठेवायलाच बंदी होती. पॉलिबियस ठणकावतो: असा तह नाही, तहांचे ब्राँझचे पत्रे रोमच्या कॅपिटोल टेकडीवर जपून ठेवलेत. यात खरं कोण, यावर विद्वान आजही भांडतात. माझा कल फिलिनस अगदीच खोटं बोलत नसावा या बाजूला आहे, पण तुम्ही तुमचं ठरवा. हे एक प्रकरण नीट सोडवलंत तर या विषयाची निम्मी पद्धत हाती आली.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये. बखर एका हातात आणि समकालीन पत्रं दुसऱ्या हातात धरून वाचायची शिस्त आपल्याकडे जुनी आहे. फरक एवढाच की इथे हरलेल्यांची पत्रं नाहीतच. कार्थेज पडल्यावर तिथली ग्रंथालयं रोमने आफ्रिकेतल्या छोट्या राजांना देऊन टाकली. स्वतःसाठी ठेवलं ते मॅगोचं शेतीवरचं अठ्ठावीस भागांचं पुस्तक, आणि सिनेटच्या हुकमाने त्याचं लॅटिन भाषांतर झालं. विजेत्यांना शत्रूचा इतिहास नको होता, पण त्यांची शेती हवी होती!

म्हणूनच पुरातत्त्व टाळू नका. सिसिलीच्या पश्चिम टोकाला मार्साला आहे, कार्थेजचं जुनं लिलिबियम. तिथल्या संग्रहालयात इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या एका प्यूनिक जहाजाचे अवशेष आहेत. १९७१ पासून ऑनर फ्रॉस्ट यांच्या नेतृत्वाखाली ते समुद्रातून काढले गेले. ती युद्धनौकाच होती का, यावर मतभेद आहेत. मी मात्र फळ्यांवरच्या खुणांपाशी अडकले. कुठला भाग कुठे बसवायचा हे सुतारांनी फिनिशियन अक्षरांनी लिहून ठेवलं होतं. पॉलिबियस सांगतो की अडकून पडलेलं एक कार्थेजी जहाज नमुना म्हणून घेऊन रोमने शंभर क्विंक्वेरीम आणि वीस ट्रायरीम बांधली (दोन्ही वल्ह्यांच्या युद्धनौका, पहिली मोठी, दुसरी लहान). पुस्तकात ही गोष्ट फुगवलेली वाटते. पण अशा खुणा असतील तर नक्कल सोपी, त्यामुळे त्या फळ्यांसमोर उभं राहिल्यावर तितकी वाटत नाही.

मार्सालाच्या समोरच एगाडी बेटं आहेत. १० मार्च २४१ ला रोमन सेनापती कॅटुलसने कार्थेजचा रसदीचा ताफा इथे गाठला आणि युद्ध संपलं. तिथल्या समुद्रतळावरून या शतकात वीसहून अधिक ब्राँझचे रॅम वर आले आहेत. रॅम म्हणजे नौकेच्या नाकाडावरचं धडक मारायचं हत्यार. बहुतेकांवर लॅटिन मजकूर आहे, रोमन अधिकाऱ्यांची नावं आहेत. पण ते क्विंक्वेरीमला शोभतील एवढे मोठे नाहीत, लहान जहाजांचे वाटतात. मग पॉलिबियसच्या आकड्यांचं काय करायचं? हा प्रश्न चालू आहे, आणि प्रबंधाचा विषय शोधणाऱ्याने इथे नक्की डोकवावं.

लढायांइतकंच पैशाकडे लक्ष द्या. २४१ च्या तहाच्या पहिल्या मसुद्यात कार्थेजने रोमला २२०० टॅलेंट (तेव्हाचं मोठं वजन) चांदी वीस वर्षांत द्यायची होती. रोमच्या लोकांनी तो फेटाळला. शेवटी एकूण ३२०० टॅलेंट ठरले आणि मुदत दहा वर्षांवर आली. कार्थेजला भाडोत्री सैन्याचा पगार भागवता येईना, बंड झालं, आणि त्या गोंधळात रोमने सार्डिनिया लाटून वर आणखी १२०० टॅलेंट मागितले. याला काहीही सबब नव्हती, असं खुद्द पॉलिबियस लिहितो. रोमच्या मित्राने लिहिलेलं हे वाक्य अधोरेखित करून ठेवा. कार्थेजचा हॅमिल्कार बार्का स्पेनकडे वळला तो याच अडचणीत, आणि हॅनिबल त्याचाच मुलगा. २२७ मध्ये रोमने प्रेटरांची (कॉन्सलांखालच्या अधिकाऱ्यांची) संख्या दोनावरून चार केली, एक सिसिलीसाठी, एक सार्डिनिया-कॉर्सिकासाठी. समुद्रापलीकडच्या मुलखावर दरवर्षी अधिकारी पाठवायची पद्धत इथून रुळली. यावर कुणी व्हिडिओ बनवत नाही.

दुसऱ्या युद्धाबद्दल (२१८ ते २०१) मी फार सांगत बसत नाही, कारण साहित्याचा नुसता पूर आहे. एक व्यायाम मात्र करा. कॅनीच्या लढाईत (२१६) हॅनिबलने रोमचा धुव्वा उडवला, पण रोमचे किती मेले? पॉलिबियसचा आकडा सत्तर हजारांच्या घरात जातो. लिव्ही ४५,५०० पायदळ आणि २,७०० घोडेस्वार म्हणतो. त्याच्या शेजारी हॅनिबलचा स्वतःचा आकडा ठेवा: इटलीत उतरताना २०,००० पायदळ आणि ६,००० घोडेस्वार. हा त्याने दक्षिण इटलीतल्या लॅसिनियमच्या देवळात ब्राँझवर कोरून ठेवला होता आणि पॉलिबियसने तो तिथे पाहिला. मग २२५ ची रोम व मित्रराज्यांची मनुष्यबळाची यादी काढा, सात लाखांवर पायदळ. कॅनीचे डावपेच सगळे पाठ करतात. त्या दिवसानंतरही लॅटिन वसाहती (रोमने इटलीत वसवलेली शहरं) रोमला का सोडून गेल्या नाहीत, हे विचारणारे थोडे.

नावांचा घोळ होणारच. हासद्रुबालच बघा: एक हॅनिबलचा मेहुणा, एक भाऊ, एक गिस्कोचा मुलगा. २६० मध्ये सिसिलीजवळच्या मायलीच्या नौदल लढाईत रोमकडून हरलेल्या नौसेनापतीचं नावही हॅनिबलच. प्रत्येकाच्या पुढे बापाचं नाव किंवा मृत्यूचं साल लिहायची सवय लावा.

तिसऱ्या युद्धासाठी (१४९ ते १४६) मुख्य आधार अ‍ॅपियन या बऱ्याच नंतरच्या ग्रीक इतिहासकाराचा. कार्थेजच्या जमिनीत मीठ पेरल्याची गोष्ट तुम्हाला जागोजागी भेटेल. एकाही प्राचीन लेखकाने ती सांगितलेली नाही, तेव्हा निबंधात घालू नका. ट्यूनिसला जाणं जमलं तर जुन्या कार्थेजच्या मधल्या बिर्सा टेकडीवर जा. पुढे रोमनांनी टेकडीचा माथा कापून सपाट केला, राडारोडा उतारावर ढकलला, आणि त्याच राडारोड्याखाली प्यूनिक घरांच्या भिंती टिकून राहिल्या. त्याच १४६ साली रोमने ग्रीसमधलं कोरिंथही उद्ध्वस्त केलं. दोन्ही घटना एकाच पानावर लिहा, म्हणजे कार्थेज हे एकट्याचं सूडनाट्य वाटणार नाही.

आता ज्यांना हे करिअर म्हणून करायचंय त्यांच्यासाठी रोखठोक. यूपीएससीच्या इतिहास ऐच्छिक विषयात जगाचा इतिहास अठराव्या शतकातल्या युरोपीय ज्ञानोदयापासून (एन्लाइटनमेंट) सुरू होतो, त्यामुळे रोमचा तिथे थेट उपयोग नाही. बाहेर पीएचडी करायची तर लॅटिन आणि ग्रीक दोन्ही लागतात, वर फ्रेंच, जर्मन किंवा इटालियन वाचता यायला हवं. आधी लॅटिन घ्या. लिव्हीचं एकविसावं पुस्तक विद्यार्थ्यांसाठी टिपांसह सहज मिळतं. पॉलिबियसची ग्रीक रुक्ष आहे, कंटाळा येईल, पण वाक्यं सरळ विचार करणाऱ्या माणसाची आहेत. दोघांचा मूळ मजकूर आणि जुनी इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर फुकट आहेत. पहिलं वर्षभर पुस्तकांवर पैसे घालू नका, ते व्याकरणाच्या शिकवणीसाठी ठेवा.