ब्रायन मेचा लीड टोन: पावली, बूस्टर आणि पूर्ण उघडलेला अँप

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे याच्यासारखा लीड, म्हणजे गिटारचा सोलो, वाजवायचा म्हटलं की हात आधी आवाज फाडणाऱ्या डिस्टॉर्शन पेडलकडे जातो. मीही तेच करायचो आणि आवाज दरवेळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घोंघावायचा. मेच्या त्या टोनचा पाया म्हणजे गिटार, ट्रेबल बूस्टर (वरचे सूर वाढवणारं पेडल) आणि व्हॉक्स एसी३० अँप. आवाज फाटतो तो अँपमध्ये. किती फाटायचा, हे ठरतं गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर.

म्हणून सुरुवात अँपपासून करा. एसी३०चा नॉर्मल चॅनल घ्या, जास्त तीक्ष्ण वाजणारा टॉप बूस्ट चॅनल नको, आणि व्हॉल्यूम पूर्ण उघडा. त्यातले चार ईएल८४ व्हॉल्व्ह असे ताणले गेले की सूर दाटतो, लांबतो, गायला लागतो. फ्लॅटमध्ये ३० वॉटचा व्हॉल्व्ह अँप एवढा उघडणं अशक्यच. अशा वेळी हेडफोन लावून एसी३०चं मॉडेल असलेलं प्लगइन वापरा, पण तिथेही व्हॉल्यूम पूर्णच ठेवा. खरा व्हॉल्व्ह अँप असेल तर अ‍ॅटेन्युएटर (अँप आणि स्पीकरमध्ये बसून आवाज कमी करणारा डबा) जोडा. स्पीकर काढून मात्र तो कधीच चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आता बूस्टर. बूस्टर आणि एसी३०ची ही जोडी मेने आयरिश गिटारिस्ट रोरी गॅलाघरकडून उचलली. एवढ्या उघडलेल्या अँपमध्ये गिटारचा खर्ज तसाच गेला तर सगळा चिखल होतो. ट्रेबल बूस्टर खर्ज कापून वरचे सूर जोरात पुढे ढकलतो, म्हणून फाटलेल्या आवाजातही प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो. क्वीनचा गायक, पाचगणीत शाळा शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या गळ्याशेजारी गिटार झाकली जात नाही, त्यात याचाही वाटा आहे असं मला वाटतं.

बूस्टर गिटारनंतर लगेच जोडा, मध्ये काहीही नको. बफर (सिग्नल सांभाळणारं सर्किट) असलेला ट्यूनरसुद्धा त्याच्या आधी आला की आवाज टोचायला लागतो. जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाले बूस्टर मधाळ वाजतात, पण उन्हाळ्यात तापले की बिघडतात. आपल्याकडच्या मे महिन्यासाठी सिलिकॉनचा घ्या. जर्मेनियमचाच हवा असेल तर त्याला वेगळी बॅटरी द्या. यातल्या बऱ्याच पेडलचा पॉझिटिव्ह ग्राउंडला जोडलेला असतो आणि इतरांबरोबर एकाच अडॅप्टरवर ते चालत नाहीत.

मेची गिटार बाजारात मिळत नव्हती. ती त्याने 1963 साली वडिलांसोबत घरी बनवायला घेतली, तिची मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून. तारांचा कंप पकडणारे तिचे पिकअप सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेले आहेत. साध्या स्ट्रॅटवर (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार) दोन पिकअप एकत्र लावले तर ते पॅरलल, म्हणजे समांतर जोडले जातात, आवाज पातळ होतो. त्यापेक्षा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) मेच्या आवाजाच्या जवळ जातो, कारण त्याच्या दोन्ही कॉइल सिरीजमध्येच असतात. ब्रिजचा हंबकर निवडा, टोन नॉब किंचित कमी करा. तारा हलक्या हव्यात, 9 ते 42 (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत).

प्लास्टिकचं पिक ठेवून द्या. मे सहा पेन्सचं नाणं वापरतो. ते सुमारे 19 मिलिमीटरचं, कडेला दाते असलेलं. आपली 25 पैशांची जुनी पावली जवळजवळ तेवढीच. आजीच्या डब्यात शोधा, दातेवाली निवडा. नाणं वाकत नाही, त्यामुळे बोटांचा सगळा जोर तारेवर येतो. सपाट धरलं तर सूर स्वच्छ निघतो, थोडं तिरकं केलं की दाते तारेवर खरवडतात आणि सुराच्या सुरुवातीला व्यंजनासारखा आवाज येतो. हे तिरकेपण हाताला सवयीचं व्हायला मला कित्येक आठवडे लागले, आणि माझ्या मते पेडलपेक्षा मोठा फरक इथेच पडतो.

शेवटी तपासून बघा. गिटारचा व्हॉल्यूम 3 वर ठेवून कॉर्ड वाजवा: जवळजवळ स्वच्छ यायला हवी. 6-7 वर ऱ्हिदमचा खरखरीतपणा यावा. मग 10 वर एकच सूर धरून बोटाने हलवत राहा. 3 वरही आवाज फाटलेलाच राहिला तर आधी बूस्टरची पातळी थोडी उतरवा. तरी फरक पडला नाही, तर गिटार आणि बूस्टरच्या मध्ये कुठलं पेडल राहून गेलंय ते बघा.