रात्रीची पायांची वळवळ थांबली ती लोहामुळे

अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत आतून काहीतरी वळवळायला लागायचं. दुखणं नव्हे, गोळा येणंही नव्हे. पाय हलवल्याशिवाय राहवायचंच नाही. उठून घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या की बरं वाटायचं, आडवी झाले की पुन्हा तेच. घरचे म्हणायचे, दमतेस म्हणून होतं. पाय चेपून, तेल लावून, कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन झालं.

मेंदूविकारतज्ज्ञांनी नेमकं विचारलं: पाय हलवावेसेच वाटतात का, बसल्या-पडल्या वाढतं का, चाललं की कमी होतं का, संध्याकाळनंतर जास्त होतं का? सगळ्याला हो. याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. हिमोग्लोबिन १२.४, म्हणजे ठीक. पण त्यांनी फेरिटिन तपासायला लावलं, ते निघालं १४! शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो. या आजारात तो ७५ च्या आत असला तरी लोह देतात, कारण मेंदूतल्या डोपामिन या निरोप पोहोचवणाऱ्या रसायनाच्या कामाला लोह लागतं.

लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, एक दिवसाआड, आणि चहा तिच्यापासून लांब. सर्दीसाठी रात्री घ्यायचे ती गुंगी आणणारी गोळीही बंद केली. तशा गोळ्यांनी हा त्रास वाढतो. फरक पडायला दोन-तीन महिने गेले, धीर सोडू नका. पाळीत रक्तस्राव फार व्हायचा, त्यावरही उपचार घेतले, नाहीतर साठा पुन्हा रिकामा. मनानं मात्र लोह सुरू करू नका, जास्तीचं लोह यकृताला घातक. आधी फेरिटिन करून घ्या.