कोल्हापुरात डेंड्रोबियम लावताय? या चुका टाळा

सावंतवाडीला माझ्या मावशीच्या अंगणात डेंड्रोबियम या ऑर्किडची चार रोपं नारळाच्या सोडणात गुंडाळून आंब्याच्या खोडाला बांधली आहेत. मावशी त्यांच्याकडे फारसं बघतही नाही, तरी जांभळ्या फुलांचे तुरे लोंबत असतात. तिच्याकडून एक रोप आणून मी तसंच्या तसं आमच्या गच्चीच्या खांबाला बांधलं. मार्चअखेर त्याची मुळं सुतळीसारखी कडक झाली. पुढच्या वर्षी दुसरं आणलं, कुंडीत लावलं आणि ते जुलैच्या झडीत कुजलं.

तेव्हा कळलं की कोकणातला सल्ला घाट चढला की जसाच्या तसा लागू पडत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. मार्च ते मे दुपारी पारा ३७-३८ वर जातो आणि हवा अगदी कोरडी असते. जूनमध्ये पाऊस धरला की सप्टेंबरपर्यंत उघडीप कमीच. म्हणजे एकाच झाडाला आपण तीन महिने तहानलेलं ठेवतो आणि चार महिने भिजत ठेवतो. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

कुंडीत माती किंवा नुसतं कोकोपीट

डेंड्रोबियम या नावाचाच अर्थ 'झाडावर जगणारं'. त्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. नर्सरीतून आणलेलं रोप बऱ्याचदा भिजलेल्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) गोळ्यात असतं आणि आपण तो गोळा तसाच मोठ्या कुंडीत ठेवून वर लाल माती भरतो. तीन महिन्यांत रोप संपतं.

एकदा रोप उपसून मुळं हातात घेऊन बघा. निरोगी मूळ चांदीसारखं पांढुरकं, टणक असतं आणि त्याचं टोक हिरवं असतं. पाणी शिंपडलं की डोळ्यांदेखत ते पांढरं मूळ हिरवट होतं, कारण वरचं स्पंजासारखं आवरण पाणी शोषून घेतं. कुजलेलं मूळ तपकिरी असतं. चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटून येते आणि आत नुसता दोरा उरतो. अशी मुळं निर्धास्त कापून टाका.

भरायला लाकडी कोळसा, विटांचे सुपारीएवढे तुकडे आणि सोडणाचे तुकडे घ्या. सोडण आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून ठेवा, त्यातला क्षार निघून जातो. आपल्या उन्हाळ्यासाठी सोडण थोडं जास्त घातलं तरी चालतं, पण निम्म्याच्या वर नको. कुंडी चार-पाच इंची, बाजूला भोकं असलेली मातीची असावी. मोठी कुंडी घेतली तर आतला भाग वाळतच नाही. रोप खोल पुरू नका, बुडखा वरच राहू द्या. ते काठीला घट्ट बांधा, कारण रोप हललं की नव्या मुळांची कोवळी टोकं घासून मरतात.

पावसात उघड्यावर

'पावसाचं पाणी झाडाला चांगलं' हे खरंच आहे, वळवाच्या पावसात मीही कुंड्या बाहेर काढते. पण जुलैत आठ-आठ दिवस झड लागते, तेव्हा कोळसाविटांची कुंडीसुद्धा वाळत नाही. कोवळ्या फुटव्याच्या पोंग्यात पाणी साचतं आणि बुडापासून काळा, पाणथळ डाग वर सरकायला लागतो. आज टिचभर असलेला डाग परवा अख्खं खोड खातो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंड्या पत्र्याखाली किंवा सज्जात आणा, पण वारा खेळेल अशा जागी. दोन कुंड्यांत वीतभर अंतर ठेवा. कुंडीचं वजन हाताने तोलून मगच पाणी द्या. झडीत पंधरा दिवस पाणी दिलं नाही तरी काही बिघडत नाही.

डाग दिसलाच, तर ब्लेड ज्योतीवर तापवून, गार करून, डागाच्या खाली निरोगी हिरव्या भागातून कापा. कापलेल्या तोंडावर दालचिनीची पूड दाबा. ती मुळांवर मात्र सांडू देऊ नका, मुळं वाळतात. आणि इथे एक चूक मी कळकळीने सांगते, कारण आपल्या भागात ती फार होते. घरात शेती असेल तर बोर्डो मिश्रण किंवा तांब्याचं दुसरं बुरशीनाशक हाताशी असतं आणि आपण तेच मारतो. डेंड्रोबियमला तांबं सोसत नाही, पानं आणि कळ्या करपतात. कृषी सेवा केंद्रात मेटॅलॅक्सिल असलेलं बुरशीनाशक मिळतं, ते लेबलवरच्या प्रमाणात वापरा.

पावसाळ्यात आणखी एक चोर म्हणजे गोगलगाय. मुळांची हिरवी टोकं सकाळी कुरतडलेली दिसली तर रात्री टॉर्च घेऊन कुंडीच्या तळाशी बघा.

उन्हाळ्यात दोनदा पाणी देऊनही सुकणं

गच्चीचा स्लॅब हे याचं कारण. एप्रिलमध्ये रात्री नऊ वाजता स्लॅबवर अनवाणी उभं राहून बघा, तळव्याला चटका जाणवतो. त्यावर ठेवलेली कुंडी रात्रभर शेकत असते. कुंड्या स्टँडवर किंवा टांगून ठेवा. खाली पसरट ट्रेमध्ये विटांचे तुकडे आणि पाणी ठेवा, मात्र कुंडीचं बूड पाण्याला टेकू देऊ नका. पश्चिमेच्या बाजूला ओलं गोणपाट लटकवलं की फरक दिसतो. पाणी सकाळी लवकर द्या. फारच कडक दिवस असेल तर चारच्या सुमारास पुन्हा द्या, म्हणजे पानं रात्रीपर्यंत कोरडी होतात.

बोअरचं पाणी घालत असाल तर कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात आणि मुळांची टोकं काळी पडतात. पावसाचं पाणी दोन ड्रम साठवलं तर बरीच सोय होते. नाहीतर महिन्यातून एकदा नळाच्या साध्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा.

याच दिवसांत पानांच्या मागे लाल कोळी ही बारीक कीड येते. पान वरून धुरकट, ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. पानाच्या मागून पाण्याचा फवारा चार-पाच दिवस लागोपाठ मारला की ती हटते.

शोभेसाठी हॉलमध्ये

पानं गडद हिरवी, तकतकीत आणि दोन वर्षं फूल नाही, अशी तक्रार असेल तर उजेड कमी पडतोय. पान किंचित पोपटी दिसायला हवं. पूर्वेचं ऊन नऊ-दहा वाजेपर्यंत थेट मिळावं, नंतर ५० टक्क्यांची शेडनेट. पांढरा पडून मग वाळणारा चट्टा आला तर ऊन जास्त झालं असं समजा.

जुनी खोडं छाटणं

आपण उसाच्या मुलखातली माणसं. ऊस तुटला की खोडवा फुटतो हे लहानपणापासून बघितलेलं असतं आणि डेंड्रोबियमचं पेरापेरांचं खोड दिसतंही उसासारखंच. पानं झडलेलं खोड दिसलं की हात कात्रीकडे जातो. आमच्या शेजारच्या काकू तर म्हणाल्या होत्या, "वाळलं गं ते, टाकून दे आता." मी ठेवलं, आणि त्याच बोडक्या खोडाच्या शेंड्यातून पुढच्या वर्षी फुलांचा दांडा आला.

ही जुनी खोडं म्हणजे झाडाची साठवण. पाणी आणि अन्न तिथे असतं, त्याच्या जोरावर नवा फुटवा वाढतो. पूर्ण सुकून तपकिरी, पोकळ झालेलं खोडच काढा. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात डेंड्रोबियमच्या काही जाती पानं गाळून बोडक्या खोडांवर पांढरी फुलं धरतात. ती बघायला जरूर जा, पण काढून आणू नका. अभयारण्यातून झाड आणणं गुन्हा आहेच, शिवाय धुक्यात वाढलेलं ते रोप आपल्या एप्रिलमध्ये तगत नाही.

खत

१९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) एक लिटर पाण्याला एक ग्रॅमपेक्षा जास्त नको, वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा. आधी साधं पाणी, मग खत. कोरड्या मुळांवर खत पडलं की ती भाजतात. शेणकाला, चहाचा चोथा, डाळीचं पाणी अजिबात नको. त्याने मुळांभोवतीची हवा बंद होते.

फुलांच्या जागी पिल्लं

ही तक्रार बहुतेक डेंड्रोबियमच्या नोबिल या प्रकाराची असते. सिक्कीमचं राज्यफूल असलेलं हे झाड हिवाळ्यात थंड आणि कोरडं राहू मागतं. दिवाळीनंतरही आपण खतपाणी चालू ठेवतो आणि मग पेरांवर कळीऐवजी रोपटी फुटतात. नोव्हेंबरपासून खत बंद, पाणी अगदी बेताचं आणि रात्री उघड्या हवेत ठेवलं, तर जमू शकतं. पहिल्यांदाच लावत असाल तर नोबिल घेऊ नका. जांभळ्या-पांढऱ्या फुलांची सोनिया ही जात घ्या, ती आपल्या उन्हाला सरावते.

कळ्या पिवळ्या पडून गळणं

कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलणं, पाण्यात खंड पडणं, फुलकिडे ही नेहमीची कारणं. पण एका मे महिन्यात यातलं काहीच नसताना माझ्या सोनियाच्या अकरा कळ्या दोन दिवसांत गळाल्या. दांडा हिरवागार, मुळं ठणठणीत. पाहुण्यांना दाखवायला कुंडी माळ्याखालच्या खोलीत आणून ठेवली होती आणि माळ्यावर गवतात देवगडच्या आंब्यांची आढी घातलेली होती. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, कळ्या त्यानेच गळतात. आता आढी मागच्या खोलीत आणि कुंड्या पुढच्या सज्जात असतात.