रोमन आकडे लिहिताना या चुका टाळा, ९९ म्हणजे 'आयसी' नाही!

मुलगी पाचवीत आहे. परवा तिच्या वहीत ९९ समोर 'आयसी' लिहिलेलं आणि त्यावर मॅडमची लाल फुली. ती म्हणे, बाबा शंभरातून एक वजा केला ना, मग चुकलं कुठे? ऐकायला पटतं, आणि इथेच मोठी माणसंपण फसतात. (अक्षरं उच्चाराप्रमाणे लिहितोय, आय, व्ही, एक्स, एल, सी, डी, एम म्हणजे १, ५, १०, ५०, १००, ५००, १०००, तुम्ही मनात कॅपिटल अक्षरं आणा.)

तर वजाबाकी कोणाचीही कोणातूनही चालत नाही. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी, एक्स फक्त एल आणि सीच्या आधी, सी फक्त डी आणि एमच्या आधी, बस. हे लक्षात राहत नसेल तर शाळेतलं विस्तारित रूप लिहा आणि एकेका स्थानाचं रोमन करून शेजारी शेजारी मांडा. ९९ म्हणजे ९० आणि ९, म्हणून एक्ससी-आयएक्स. १९९४ म्हणजे १०००, ९००, ९०, ४, म्हणून एम-सीएम-एक्ससी-आयव्ही. शॉर्टकट मारायला गेलात की गेलात.

दुसरी चूक पाचवाल्यांची. व्ही, एल, डी दोनदा येत नाहीत आणि वजापण होत नाहीत, त्यामुळे ४५ ला 'व्हीएल' नाही, एक्सएल-व्ही. याचं मूळ मस्त आहे. ही चिन्हं रोमनांच्या आधीच्या, इटलीतल्याच इट्रुस्कन लोकांकडून आली, आणि मुळात काठीवर मोजणीच्या खाचा पाडायचे त्यातून, असं मानतात. एक्सचा वरचा अर्धा भाग बघा, व्ही दिसेल. हजाराचं जुनं चिन्ह म्हणजे गोलात उभी रेघ, त्याचा उजवा अर्धा भाग म्हणजे डी. दोन अर्धे लिहायचे कशाला, पूर्ण आहेच की!

मग कोणीतरी म्हणतंच, आमच्या भिंतीवरच्या घड्याळात चारला चार काड्या आहेत, ते चूक का? नाही. रोमन लोक स्वतःच तसं लिहायचे, रोमच्या कोलोझियमच्या ४४ नंबरच्या दारावर एक्सएल आणि पुढे चार आय कोरलेत, म्हणजे ४० ला वजाबाकी आणि ४ ला नाही, एकाच आकड्यात दोन पद्धती 😄 आपण शिकतो ते कडक नियम नंतर पक्के झाले. पण पेपरात चार काड्या काढू नका, मार्क जातील.

एक्सेलवाल्यांसाठी. रोमन फंक्शनमध्ये संख्येनंतर दुसरा आकडा देता येतो, तो रिकामाच ठेवा. ४९९ ला नुसतं दिलं तर सीडी-एक्ससी-आयएक्स येतं, पण दुसरा आकडा ४ टाकला तर तेच 'आयडी' होऊन येतं आणि माणूस नियमावरच शंका घेतो. आणि ३९९९ च्या वर गेलात तर एरर येणार, फॉर्म्युला चुकला म्हणून डोकं खाजवत बसू नका.

राहिलं टॅटूचं. तारीख ०९ असेल तर शून्यासाठी काही शोधू नका, रोमनमध्ये शून्याला चिन्हच नाही, सरळ आयएक्स. आणि सुई लागायच्या आधी कागदावरचं रोमन दुसऱ्या कोणाकडून उलटं आकड्यात करून घ्या, त्याला तुमची तारीख न सांगता.