प्रवेश आणि शिष्यवृत्तीचे कागद निकालाआधीच कसे लावून ठेवावेत

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोर, मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. लोक अजून ‘सेतू’च म्हणतात. दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. प्रवेश ऑनलाइन झाले, पण रांग काही गेली नाही. कॉलेजच्या खिडकीसमोरून उठून ती आमच्या प्रिंटरसमोर आली, एवढंच. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश मुंबईत २००९ मध्ये सुरू झाले, मग पुण्या-नागपूरसारख्या शहरांत आले आणि २०२५ पासून सगळ्या राज्याला लागू झाले. म्हणजे आमच्याकडच्या पुष्कळ आईबापांना हा प्रकार नवाच आहे. रांगेतल्या बऱ्याच जणांचं काम मार्च-एप्रिलमध्ये सावकाश झालं असतं. ते कसं करायचं, तेवढंच इथे सांगते.

सुरुवात नावापासून करा. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर अन् अक्षर ताडून बघा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं आणि आधारवर शेवटी. त्याने सहसा काही अडत नाही. अडतं ते स्पेलिंगवर. ज्ञानेश्वर एका कागदावर ‘डी’ने सुरू होतो, दुसऱ्यावर ‘जी’ने. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. माणूस हे वाचून समजून घेतो, संगणक घेत नाही. आता दुरुस्त काय करायचं? माझं मत सरळ आहे: दहावीची गुणपत्रिका बरोबर असेल तर आधार तिच्यासारखं करून घ्या. गुणपत्रिकेतलं नाव बदलायचं तर शाळेमार्फत मंडळाकडे जावं लागतं, आणि एकदा मूल शाळेतून बाहेर पडलं की ते काम फार रेंगाळतं. आधारचं काम त्यामानाने सोपं. पण तिथेही नाव जन्मात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा घाईघाईत काहीतरी टाकून मोकळं होऊ नका. ज्यांची मुलं अजून नववीत आहेत त्यांनी शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या नोंदींची वही, आत्ताच बघून घ्यावं. गुरुजींना सांगून तिथे दुरुस्ती होते तेव्हाच सगळ्यांत स्वस्तात काम होतं.

आधार केंद्रावर जाणारच आहात तर आणखी दोन कामं उरका. मूल पंधरा वर्षांचं झालं की बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅनिंग पुन्हा करावं लागतं. ते राहिलं असेल तर अंगठा लागत नाही, आणि हे कळतं नेमकं ऐन फॉर्म भरताना. दुसरं काम मोबाइल नंबरचं. ह्या नंबराने जेवढी माणसं रडताना पाहिली तेवढी कमी गुणांनीही नाही. आधारला जोडलेला नंबर असतो थोरल्या भावाचा. भाऊ चाकणला कंपनीत, शिफ्टवर, आणि शिफ्टला जाताना फोन लॉकरमध्ये जमा. इकडे पोरगी काउंटरवर उभी, ‘दादा, ओटीपी आला का?’ असे मेसेजवर मेसेज टाकतेय, तिकडून उत्तर नाही, आणि काही मिनिटांत ओटीपी बाद. नंबर बदलायचं काम ऐनवेळेवर ठेवू नका. मुलाचा स्वतःचा नंबर द्या, आणि पुढची पाच-सहा वर्षं तेच सिम चालू राहील असं बघा. रिचार्ज संपला म्हणून सिम फेकून द्यायची सवय इथे फार महागात पडते.

मग बँक. शिष्यवृत्तीचे पैसे महाडीबीटी ह्या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या अर्जावरून मंजूर होतात आणि विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. ‘मॅडम, आमचं खातं लिंक आहे’ असं सगळेच सांगतात. बँकेने केवायसीसाठी आधार नंबर लिहून घेतलेला असतो, त्यालाच लोक लिंक समजतात. पैसे येण्यासाठी लागतं ते वेगळं: एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधली पैशांची ने-आण सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत तुमच्या आधारपुढे कुठल्या बँकेचं नाव आहे, ते. एका आधारपुढे एकच बँक असते, आणि जी शेवटी जोडली तीच राहते. गावात कोणी छत्रीखाली टेबल टाकून ‘फुकट खातं उघडा’ म्हणत अंगठा घेऊन गेला असेल, तर पैसे त्या खात्यात जाऊन बसतात आणि घरचे सहा महिने पासबुक भरून भरून थकतात. आधारच्या अधिकृत वेबसाइटवर लॉगिन केलं की बँक सीडिंगची, म्हणजे ह्याच जोडणीची, स्थिती दिसते. बँकेचं नाव आणि ते चालू आहे की नाही, दोन्ही बघा. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा वेगळा फॉर्म भरून द्या, पोच घ्या आणि आठवड्याने पुन्हा तपासा. खातं मुलाच्याच नावाचं हवं, आणि झोपलेलं नको. व्यवहार नसलेलं खातं बंद पडतं, म्हणून अधूनमधून शे-दोनशे रुपये टाकत-काढत जा.

दाखल्यांपैकी उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, आणि त्याची मुदत साधारण ३१ मार्चला संपते. म्हणून तो एप्रिलमध्ये काढलेला बरा. फेब्रुवारीत काढून ‘झालं काम’ म्हणणाऱ्यांना जूनमध्ये परत यावं लागतं. नॉन-क्रीमीलेअरचंही तसंच, त्यावरची मुदतीची तारीख वाचा. आणखी एक: आमच्याकडून मिळालेला दाखला डिजिटल सहीचा असतो, त्यावर पडताळणीची खूण असते. त्याची पीडीएफ मागून घ्या. प्रिंट काढायची, तिचा झेरॉक्स, झेरॉक्सचा फोनवर फोटो आणि तो फोटो अपलोड, हा उद्योग कशाला? पीडीएफ थेट चढवा. केंद्रात दरपत्रक लावलेलं असतं. त्याप्रमाणेच पैसे द्या आणि पावती घ्या, माझ्याकडे आलात तरीसुद्धा.

जात पडताळणीला सगळ्यांत जास्त वेळ द्या. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण अशा अभ्यासक्रमांत राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसतं जातीचं प्रमाणपत्र चालत नाही, पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, पण त्याला जोडायचे पुरावे मात्र तुमच्या आजोबा-पणजोबांच्या काळातले. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, ह्या तारखांच्या आधीची जातीची नोंद दाखवावी लागते. ती कुठे सापडते? बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेच्या लोखंडी कपाटात, कडा वाळवीने खाल्लेल्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात. आजोबा चौथीपर्यंत शिकले असतील तर त्यांचं पान तिथे असतं. मुख्याध्यापकांना अर्ज देऊन त्याचा उतारा घ्यायचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांच्या भावांची नावं शोधा, गाव नमुन्यातल्या, म्हणजे गावच्या महसुली दप्तरातल्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधा. जुनी नोंद मोडीत असेल तर ती देवनागरीत आणून द्यावी लागते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना जी मागणी आली, ती बघून आमच्या गावचे एक निवृत्त लेखनिक खूश होऊन म्हणाले, ‘आता आमचं टायपिंगपेक्षा मोडीवर भागेल.’

हे शोधकाम मेमध्ये होत नाही, कारण शाळेला सुट्टी असते आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांबरोबर त्यांच्या गावी गेलेली असते. मूल अकरावीत असतानाच दिवाळीच्या आत पुरावे गोळा करा. विज्ञान शाखेच्या मुलांचे अर्ज बारावीत कॉलेजमार्फत जातात, तेव्हा कॉलेजच्या कार्यालयात स्वतःहून विचारायला जा. वडिलांकडे किंवा सख्ख्या चुलत्याकडे वैधता असेल तर वाट बरीच सोपी होते, वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात ते नातं नीट दाखवा. कामासाठी पुण्या-मुंबईला स्थायिक झालेल्यांनी ध्यानात ठेवा: जातीचं प्रमाणपत्र, वर दिलेल्या तारखेला तुमचं घराणं जिथलं रहिवासी होतं, तिथून काढायचं असतं. आत्ताच्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावरून नाही.

डिजिलॉकर, म्हणजे कागद ठेवायचं सरकारी ऑनलाइन कपाट, मात्र खरंच कामाचा आहे. राज्य मंडळाची गुणपत्रिका बैठक क्रमांक आणि वर्ष टाकून तिथे आणता येते. ‘इश्यूड’ विभागात आलेला कागद कायद्याने मुळासारखाच धरला जातो. आपण फोटो काढून स्वतः चढवलेल्या कागदाला ते मोल नाही. पुष्कळांचं डिजिलॉकर अशा फोटोंनीच भरलेलं असतं. पदवीला गेल्यावर कॉलेज एबीसी आयडी (श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक) मागतं, तो बारा आकडी क्रमांकही इथूनच निघतो, आणि त्यातही नाव आधारप्रमाणेच येतं. म्हणून नावाचं काम आधी सांगितलं.

फोनमध्ये एक फोल्डर करा आणि फायलींना कळतील अशी नावं द्या: उत्पन्न-२०२६, जात, वैधता, दहावी. ‘स्कॅन ००१७’ असलं नाव ठेवलं की रात्री बारा वाजता चुकीचा कागद चढतो. महाडीबीटीवर फाइल २५६ केबीच्या आतली लागते, तेव्हा प्रत्येक कागदाची एक छोटी प्रत आधीच करून ठेवा. छोटी म्हणजे वाचता न येणारी नव्हे. शिक्का आणि तारीख दिसली पाहिजे. पासवर्ड वहीत लिहा. सुरक्षिततेचे तज्ज्ञ नाकं मुरडतील, पण माझ्याकडे येणाऱ्यांचा पासवर्ड चोरीला जात नाही, विसरला जातो.

अकरावीच्या फॉर्मात दहापर्यंत कॉलेजांची पसंती देता येते. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, म्हणून मैत्रिणीने टाकलं म्हणून पहिलं नाव टाकू नका. एसटी वेळेवर आहे का, मुलीला संध्याकाळी परत यायला गाडी मिळते का, हे बघून क्रम लावा. वेबसाइट दुपारी अडते, पहाटे पळते.

पदवीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठी सवलत आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ होते. प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात की ती गेली. कॉलेजने आधी पूर्ण फी मागितली तर शासन निर्णयाची प्रत दाखवून लेखी उत्तर मागा.

महाडीबीटीचा अर्ज एकदा पाठवला की पोरं विसरून जातात. अर्ज आधी कॉलेजच्या लेखनिकाकडे जातो, तिथून शिष्यवृत्ती देणाऱ्या सरकारी विभागाकडे. मध्येच कुठेतरी ‘उत्पन्न दाखला अस्पष्ट’ एवढ्याच शेऱ्यावर तो परत येतो आणि तुमच्या लॉगिनमध्ये पडून राहतो. घरी कोणी सांगायला येत नाही. दर रविवारी लॉगिन करून बघा. कॉलेजच्या पातळीवर महिनाभर अडकला असेल तर प्रिंट घेऊन लेखनिकासमोर उभं राहा. फोनवर ‘करतो’ म्हणतात, समोर उभं राहिल्यावर करतात. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचं काय झालं, तेही स्वतः लॉगिन करून बघा. आणि ‘शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. सांगून बसला असाल आणि पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेचं दार उघडायची वाट बघू नका.