सेल्फ-पेस्ड कोर्समधून ऑफिस ॲडमिन शिकताय? आधी एक खोटं-खोटं ऑफिस उघडा

ऑफिस ॲडमिनिस्ट्रेशन शिकायचं ठरवलं की सगळे आधी विचारतात, कोर्स कोणता घेऊ. मी म्हणेन कोर्स नंतर बघू, आधी हे ठरवा की शिकलेलं वापरणार कशावर. सेल्फ-पेस्ड कोर्समध्ये, म्हणजे आपल्या सोयीने एकट्याने करायच्या कोर्समध्ये, व्हिडिओ बघताना सगळं कळत असतं, शिकवणारा जिथे क्लिक करतो तिथे आपण मान डोलवतो, आणि आठवड्याने कोरी शीट समोर आली की हात जागचा हलत नाही. याचा हुशारीशी काही संबंध नाही हो. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच सगळ्यात भराभर विसरतं, मग वेग कमी होतो. वर्गात निदान कोणीतरी परत विचारतं, इथे विचारणारं कोणीच नाही, म्हणून ती सोय आपणच करायची.

मी काय केलं तर एक काल्पनिक ऑफिस उघडलं. साधंच, एक लहान ट्रेनिंग देणारी संस्था, थोडा स्टाफ, काही सप्लायर, दर महिन्याला दोन-तीन बॅच आणि एक मीटिंग रूम ज्यावरून सारखी भांडणं होतात. कोर्समधला प्रत्येक धडा या ऑफिसवर करायचा. धड्यात लीव्ह ट्रॅकर (रजांची नोंद) असेल तर या स्टाफचा, मेल मर्ज (एकच पत्र प्रत्येकाचं नाव घालून) असेल तर या बॅचच्या लोकांना पत्रं, कॅलेंडर असेल तर या रूमचं बुकिंग. सुरुवातीला हे डबल काम वाटतं पण मला सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला, कारण कोर्स तुकड्यातुकड्यांत शिकवतो, आज वर्ड उद्या एक्सेल परवा ईमेल, आणि खऱ्या कामात हे सगळं एकाच वेळी एकमेकांत गुंतलेलं येतं.

आता स्प्रेडशीटबद्दल जरा सविस्तर, कारण नवीन लोक इथेच अडतात. कोर्समध्ये मिळणारी प्रॅक्टिस फाइल नेहमी स्वच्छ असते आणि ऑफिसमध्ये येणारी फाइल कधीच स्वच्छ नसते. म्हणून माझ्या खोट्या ऑफिसची स्टाफ लिस्ट मी मुद्दाम घाण केली. काही नावांच्या शेवटी स्पेस दिली, एकच डिपार्टमेंट तीन स्पेलिंगने लिहिलं, काही तारखा दिवस आधी काही महिना आधी, एम्प्लॉयी कोडच्या सुरुवातीला शून्य. मग ती साफ करायला बसले, आणि या एका फाइलने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या व्हिडिओने नाही शिकवलं.

कोडचंच बघा. एक्सेलला ००४७ दिलं की तो त्याला आकडा समजतो आणि ४७ करून टाकतो, म्हणजे कोडचा कॉलम डेटा टाकायच्या आधीच टेक्स्ट करायचा, नंतर केला तर गेलेले शून्य परत येत नाहीत. मोठ्या नंबरचं तर अजून वाईट, एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच धरतो, त्यामुळे १६ अंकी नंबर आकडा म्हणून टाकला की शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो आणि कुठलाही एरर दिसत नाही. लांबलचक खाते क्रमांकांची यादी टाइप करताना हे माहीत नसेल तर विचार करा काय होईल.

तारखांसाठी एक सोपी खूण आहे. सेलला अलाइनमेंट दिलेली नसेल तर एक्सेलने तारीख म्हणून ओळखलेली गोष्ट उजवीकडे चिकटते आणि टेक्स्ट समजलेली डावीकडे. कारण आत एक्सेलसाठी तारीख हा नुसता आकडा असतो, १ जानेवारी १९०० म्हणजे १ आणि तिथून पुढे एकेक दिवस मोजत जायचं. कॉलमवर नजर टाकली की डावीकडे चिकटलेल्या तारखा लगेच उठून दिसतात. पण उजवीकडे असलेली प्रत्येक तारीख बरोबरच आहे असं धरू नका, ०३-०४ चा अर्थ ३ एप्रिल की ४ मार्च हे एक्सेल तुमच्या कॉम्प्युटरच्या रिजनल सेटिंगवरून ठरवतो, फाइल पाठवणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही. शंका आली तर पाठवणाऱ्याला विचारायचं, आपण अंदाज लावायचा नाही.

नावामागची ती न दिसणारी स्पेस ट्रिम फंक्शनने जाते, आणि ती काढली नाही तर लुकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारी माहिती शोधून आणणारा फॉर्म्युला) सापडत नाही म्हणतो आणि पिव्हट टेबलमध्ये (डेटाचा गटवार सारांश काढणाऱ्या तक्त्यात) एकच डिपार्टमेंट दोनदा दिसतं. वेबसाइटवरून कॉपी केलेल्या मजकुरात कधीकधी वेगळ्या प्रकारची स्पेस असते, ती ट्रिमने जात नाही, तेव्हा तीच स्पेस कॉपी करून फाइंड अँड रिप्लेसने काढायची.

लुकअपबद्दल एवढंच सांगते की व्हीलुकअप शिकताना शेवटचा भाग रिकामा सोडू नका, तिथे फॉल्स लिहा. नाहीतर तो जवळपास जुळणारं उत्तर आणून देतो आणि ते दिसायला इतकं बरोबर दिसतं की कोणी तपासतच नाही. एक्सलुकअप या त्याच कामाच्या नव्या फंक्शनमध्ये ही भानगड नाही, तो आपणहून तंतोतंत जुळणारंच शोधतो, पण तो ऑफिस २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ पासून आहे, २०१९ मध्ये नाही. तुम्ही कुठे कामाला लागाल आणि तिथे कुठलं व्हर्जन असेल काय माहीत, म्हणून दोन्ही यायला हवेत. आणि मर्ज सेल्स, म्हणजे शेजारचे सेल जोडून एक करणं, शक्यतो विसरूनच जा, दिसतं छान पण सॉर्ट आणि फिल्टर दोन्हीला त्रास. त्यापेक्षा कंट्रोल टी दाबून टेबल करा, खाली नवीन ओळ टाकली की फॉर्म्युला आपोआप पुढे जातो. आणि ज्या कॉलममध्ये दुसरे लोक भरणार आहेत तिथे डेटा व्हॅलिडेशनने ड्रॉपडाउन द्या, म्हणजे तीन स्पेलिंगचा प्रश्न मुळातच येत नाही.

हे सगळं मी एवढं ताणून का सांगतेय, तर ॲडमिनच्या कामात तुमची फाइल तुमच्यापुरती नसते. ती पुढे अकाउंट्सला जाते, मॅनेजरकडे जाते, तुम्ही सुट्टीवर असताना कोणीतरी उघडतं. त्या माणसाला तुम्हाला फोन न करता ती समजली आणि त्यातला आकडा डोळे मिटून वापरता आला, तर तुम्हाला काम येतं. कोर्स करताना प्रत्येक धड्याला मी हाच प्रश्न लावायचे.

फाइलच्या नावांनाही तोच. फायनल, फायनल न्यू, फायनल लेटेस्ट असली नावं कशाला ठेवायची? तारीख आधी, ती पण वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग विषय, मग व्हर्जन. २०२५-०३-०७ असं लिहिलं की नावाने सॉर्ट केलं तरी तारखेनेच लागतं, आयएसओ ८६०१ हे तारखांचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड याच क्रमाचं आहे. विंडोजमध्ये नावात स्लॅश, कोलन, प्रश्नचिन्ह चालत नाही म्हणून मध्ये डॅश. आणि शेअर्ड ड्राइव्हवर काम करत असाल तर व्हर्जन हिस्टरी, म्हणजे फाइलच्या आधीच्या प्रती, कुठे असते ते पहिल्या दिवशी शोधून ठेवा, प्रत्येक बदलासाठी वेगळी कॉपी करायची गरजच राहत नाही.

मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे बैठकीची लेखी नोंद. बहुतेक कोर्समध्ये यावर एखादा छोटा व्हिडिओ आणि एक टेम्प्लेट असतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त अन्याय याच विषयावर होतो, कारण चांगले मिनिट्स लिहिणारा माणूस ऑफिसमध्ये लगेच लक्षात राहतो. कोण काय बोललं ते सगळं उतरवायचं नसतं. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, या तीन गोष्टी. उदाहरणार्थ, 'प्रोजेक्टरवर चर्चा झाली, तो लवकर दुरुस्त करावा असं सर्वांचं मत पडलं' हे वाचून कोणीही काहीही करणार नाही. तेच 'प्रोजेक्टर दुरुस्तीसाठी दोन कोटेशन मागवायची, जबाबदारी ॲडमिन, शुक्रवार १४ तारखेपर्यंत' असं लिहिलं की काम हलतं. सराव करायला इंटरनेटवर पब्लिक मीटिंग्जची भरपूर रेकॉर्डिंग्ज आहेत, नगरपालिकांच्या, संस्थांच्या. एक लावा, थांबवू नका, ऐकता ऐकता नोट्स घ्या, आणि संपल्या संपल्या मिनिट्स लिहून टाका. दुसऱ्या दिवशीवर ढकललं की अर्धं गेलेलं असतं. ज्या मीटिंगचे अधिकृत मिनिट्स मिळतात ती निवडा म्हणजे ताडून बघता येतं.

ईमेलचं तंत्र सोपं आहे, सवय अवघड आहे. सब्जेक्टमध्ये काम आणि तारीख यायला हवी, पहिल्या दोन ओळीत आपल्याला काय हवंय ते, बाकी माहिती खाली. बाहेरच्या अनेक लोकांना एकच मेल पाठवताना पत्ते बीसीसीत, नाहीतर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात आणि ती साधी चूक नाही, लोकांची खाजगी माहिती उघड करणं आहे. जीमेलमध्ये अनडू सेंडची वेळ ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती आजच वाढवा. आउटलुकच्या रिकॉलवर (पाठवलेला मेल परत घेण्याच्या सोयीवर) मात्र भरवसा ठेवू नका, ते साधारण आपल्याच संस्थेच्या आतल्या मेलला चालतं, बाहेर गेलेला मेल गेलाच. अटॅचमेंट जीमेलला २५ एमबीपर्यंत जाते पण ऑफिसात लिंक पाठवायची सवय लावा, फक्त पाठवण्याआधी परमिशन बघायची, समोरच्याला ॲक्सेस रिक्वेस्ट करायला लावणं म्हणजे त्याचा आणि आपला दोघांचा वेळ घालवणं.

ईमेलसोबतच सिक्युरिटी शिका, तिला वेगळा विषय समजू नका. सप्लायरच्या नावाने मेल येतो की आमचं बँक खातं बदललं, पुढचं पेमेंट नवीन खात्यात करा. जगभर ऑफिसेस या एका युक्तीला फसतात आणि असा मेल आधी येतो तो ॲडमिन किंवा अकाउंट्सच्या टेबलवर. अशा वेळी त्या मेलला रिप्लाय करून विचारायचं नाही, मेलमधल्या नंबरवर फोन पण नाही, आपल्या जुन्या रेकॉर्डमध्ये जो नंबर आहे त्यावर फोन करून खात्री करायची, आणि साहेबांची घाई आहे असं कोणी म्हणत असेल तर मुद्दाम जास्तच सावकाश घ्यायचं.

एआय टूल्सबद्दल सगळे विचारतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून मेलचा मसुदा, लांब मजकुराचा सारांश, फॉर्म्युला सुचवणं ही कामं नक्कीच पटकन होतात आणि शिकताना अडलेला फॉर्म्युला समजून घ्यायला मला ते फार आवडतं. पण तुमचा फॉर्म्युला का चुकतोय हे ओळखायला आधी फॉर्म्युला कळावा लागतो, नाहीतर चुकीचं उत्तर पण तितक्याच विश्वासाने पुढे जातं. आणि कंपनीची परवानगी नसताना स्टाफचे पगार, पत्ते, आजारपणाची माहिती असल्या कुठल्याही टूलमध्ये पेस्ट करायची नाही.

वेळेचं म्हणाल तर सेल्फ-पेस्ड म्हणजे वाट्टेल तेव्हा असं धरलं की कोर्स लांबत जातो आणि मग सुटतो. दिवस आणि तास ठरवून कॅलेंडरमध्ये टाका, तसंही कॅलेंडर सांभाळणं हे पुढे तुमचंच काम आहे. पोमोडोरो पद्धत, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं ब्रेक, व्हिडिओंसाठी ठीक आहे पण फाइल साफ करायला बसलात तर २५ मिनिटांत नुसता अंदाज येतो, तिथे सलग बसा. टायपिंग मात्र रोज थोडं थोडं, न बघता, एफ आणि जे वरच्या उंचवट्यांवर बोटं ठेवून. स्पीडच्या मागे लागू नका, अचूकता आली की स्पीड येतो.

कोर्स निवडताना बघायचं ते असं की सराव फाइल्स डाउनलोड करता येतात का, असाइनमेंट आहेत की फक्त टिकमार्कचे प्रश्न, आणि शेवटचा अपडेट कधीचा. पाच-सहा वर्षं जुना व्हिडिओ आणि तुमची स्क्रीन जुळली नाही की नवशिक्या माणूस उगाच घाबरतो. फुकट सुरुवात करायची असेल तर मायक्रोसॉफ्टची आणि गूगलची स्वतःची मोफत ट्रेनिंग पेजेस आहेत, सॉफ्टवेअर नसेल तर गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिसवर वरचं जवळजवळ सगळं करता येतं. सर्टिफिकेटमध्ये फरक असतो, कोर्स संपवल्याचं वेगळं आणि परीक्षा देऊन मिळणारं वेगळं, मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्पेशालिस्टची परीक्षा दुसऱ्या प्रकारातली, त्यात प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं. जमत असेल तर ती द्या, नसेल तर अडत नाही.

कारण इंटरव्ह्यूला बऱ्याच ठिकाणी एक फाइल देतात आणि म्हणतात यातून रिपोर्ट काढा. तिथे खोट्या ऑफिसवर केलेली मेहनत कामाला येते. फाइल मिळाली की आधी सेव्ह ॲज करून मूळ प्रत बाजूला ठेवा, कॉलम डावीकडे-उजवीकडे चिकटलेत का ते बघा, ड्युप्लिकेट तपासा, मग पिव्हट. आणि डेटात काही शंकास्पद दिसलं तर ते गपचूप सुधारू नका, शेजारच्या शीटवर नोट लिहा की अमुक ओळीत तारीख संदिग्ध होती, मी असं धरलंय, आणि रिपोर्ट देताना ते तोंडानेही सांगा.